दगड कीं लांकूड ?

आमचे थोरले काका वनखात्यांत नोकरीस होते. त्यांच्या बदल्या झाल्या त्या बहुतेक विदर्भांत, आणि प्रत्येक सुटींत ते पुण्यास घरीं येत तेव्हां वळकटीबरोबर एखादा तरी दगड येई. घरांतील वडील मंडळी त्याला हंसत. आमच्या आजीनें तर त्यांतील एका सपाट दगडावर एकदां सुंठहि ठेचून घेतली. काकांनीं तक्रार केली नाहीं. दगड धुवून वाळवावा, त्याच्या एका कोपऱ्यास पांढऱ्या रंगाचा लहानसा ठिपका द्यावा, त्यावर काळ्या शाईनें आंकडा घालावा, आणि तोच आंकडा वहींत लिहून पुढें स्थळ व महिना टिपावा, असा त्यांचा शिरस्ता होता.

पुढची हकीकत सांगतांना आम्हांस अजून संकोच वाटतो. एका दिवाळीपूर्वीं माळ्यावरची झाडलोट आमच्याकडे आली. आम्ही तेव्हां कॉलेजांत होतों, आणि त्या वयाला साजेसा उत्साह अंगांत होता. काका खूष होतील म्हणून आम्हीं सगळे दगड काथ्या व सोडा घेऊन घासले आणि लख्ख केले. ठिपके गेले, आंकडेहि गेले. संध्याकाळीं काकांनीं ते पाहिले, एक दगड हातांत घेऊन फिरविला, आणि चहा मागितला. त्यानंतर त्यांनीं नवा दगड आणल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

यंदा काकांच्या वर्षश्राद्धासाठीं सगळें घर जमलें होतें. दुसऱ्या दिवशीं काकूंनीं ट्रंक उघडविली. आंत अकरा दगड आणि ती वही. आमच्या पुतण्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्यानें त्यांतील सर्वांत मोठा, तांबड्यापिवळ्या पट्ट्यांचा दगड पाहून तो 'दगड झालेलें लांकूड' असल्याचें सांगितलें होतें व चांगली किंमतहि देऊं केली होती. चिरंजीव उतावीळ झाले होते. काकू म्हणाल्या, "किमतीचें मागाहून पाहूं. अरे, आधीं मला एवढें सांग, ह्यांनीं जन्मभर दगड जमविले, लोक हंसले, त्यांत एक तरी खरा आहे का ?"

ज्यानें आंकडे पुसले त्यालाच हा प्रश्न विचारला गेला, यांत न्यायच होता.

वहींत अकरा नोंदी होत्या. त्यांपैकीं दोहोंपुढें 'लांकडासारखा' हा शब्द होता. चौथी नोंद सिरोंच्याची, मे १९६८ मधील. नववी मोहगांवची, जिल्हा छिंदवाडा, डिसेंबर १९७१ मधील. परंतु ट्रंकेंत लांकडासारखे दिसणारे दगड दोन नव्हते, चार होते.

लांकडाचा दगड होतो म्हणजे काय होतें, हें आधीं सांगितलें पाहिजे. एरवीं पडलेलें झाड कुजतें. वाळवी आणि बुरशी त्याचा फडशा पाडतात. पण तेंच झाड नदीच्या गाळाखालीं किंवा ज्वालामुखीच्या राखेखालीं लवकर गाडलें गेलें, वाऱ्याचा संपर्क तुटला, तर कुजण्याची क्रिया मंदावते. मग भूमींत मुरणारें पाणी आपल्याबरोबर विरघळलेली सिलिका घेऊन येतें. आपली गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते तेंच हें द्रव्य. लांकडाच्या सूक्ष्म नळ्यांत आणि पेशींत तें सांचत जातें, आणि मूळचें द्रव्य कालांतरानें बहुतेक नाहींसें होतें. लांकूड पालटून दगड झालें असें म्हणण्यापेक्षां, जुन्या वाड्यांत खोलीखोलीगणिक नवा भाडेकरू राहावयास आला, पण भिंतींची आंखणी मात्र जुन्या यजमानाचीच राहिली, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. तांबडा व पिवळा रंग येतो तो बहुधा लोखंडाच्या गंजापासून.

म्हणूनच खोडासारखा आकार, सालीसारखा खडबडीतपणा किंवा फांदीसारखा फांटा यांवर विश्वासूं नये. साक्ष घ्यावयाची ती त्या आंखणीची. तीहि दोन बाजूंनीं घ्यावी लागते. लांबीच्या बाजूनें तंतू दिसले पाहिजेत, आणि आडव्या कापाच्या तोंडावर वर्तुळें, किरणांसारख्या रेषा किंवा छिद्रें दिसलीं पाहिजेत. आपल्या घरच्या सागवानी पाटाचें टोंक भिंगाखालीं धरून पाहावें, म्हणजे कशाचा शोध घ्यावयाचा तें कळेल.

चार दगडांपैकीं एक अगदीं वाळक्या काटकीसारखा होता. राखी रंग, एका बाजूस फांटा, मध्यें आरपार भोंक. पाहणाऱ्या दहांपैकीं नऊ जणांनीं त्यालाच लांकूड म्हटलें असतें. पेन्सिल तासावयाच्या चाकूचें टोंक त्यावर ओढलें तर पांढरी भुकटी निघाली. सिलिकेच्या दगडावर चाकूचा ओरखडा उमटत नाहीं. उलट चाकूच झिजून करड्या रंगाची रेघ मागें राहते, आणि असा दगड बाटलीच्या कांचेवर सहज ओरखडा काढतो. त्या भुकटीवर लिंबाचा रस पिळतांच बारीक बुडबुडे आले. म्हणजे तो चुना होता. एखाद्या झाडाच्या मुळाभोंवतीं चुनखडीचें कवच बसलें, मूळ कुजून गेलें, भोंक राहिलें. लांकडाशीं त्याचा संबंध आला होता खरा, पण तो केवळ शेजाराचा.

दुसरा, व्यापाऱ्याच्या पसंतीचा मोठा दगड. चाकूच्या परीक्षेस तो उतरला. परंतु त्या परीक्षेनें चुना तेवढा वगळला जातो, लांकूड सिद्ध होत नाहीं. भिंगांतून पाहतां दोन पट्ट्यांमध्यें तंतू नाहींत, छिद्रें नाहींत, कांचेसारखा सपाट गुळगुळीतपणा. दगड उलटा केला तर तेच पट्टे वळसा घेऊन एका लहान पोकळीभोंवतीं फिरलेले. झाडाचीं वर्तुळें अशीं चारी बाजूंनीं मिटत नाहींत. तीं खोडाच्या लांबीबरोबर पुढें जातात. हा अकीक होता. तप्त लाव्हा थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात; पुढें त्यांत सिलिकेचे थरावर थर बसतात. महाराष्ट्राचा बहुतेक भाग अशाच लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा असल्यामुळें अकीक, गारगोट्या आणि वाघोलीकडील खाणींत मिळणारे सुयांच्या जुडग्यासारखे पांढरे खनिज आपल्याकडे विपुल. लांकडाचा दगड मात्र सह्याद्रीच्या बाजूस विरळाच.

पुतण्याचा चेहरा उतरला. तेवढ्यांत काकूंनीं वहींतील सहाव्या नोंदीवर बोट ठेवलें. 'मोठा, पट्ट्यांचा. अजिंठ्याजवळ. लांकूड नव्हे.' शेवटचे दोन शब्द काकांनीं अधोरेखित केले होते. काकूंनीं ते दोनदां वाचले.

त्यानंतर वहीकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. अकराव्या नोंदींत, एका शेतकऱ्यानें 'आकाशांतून पडलेला' म्हणून दिलेल्या चंद्रपूरकडील काळ्या जड दगडापुढें काकांनीं 'शंका' असें लिहिलें होतें. शंका योग्यच होती. त्या दगडावर जागोजाग बुडबुड्यांचीं भोंकें होतीं, आणि उल्केच्या अंगावर अशीं भोंकें सहसा नसतात. तें लोहकीट होतें, म्हणजे जुन्या भट्टींत लोखंड गाळतांना उरलेली मळी. त्या भागांत पूर्वीं गांवोगांवीं अशा भट्ट्या पेटत. लोहचुंबक त्याला चिकटलें म्हणून चिरंजीव पुन्हां उमेदीस आले होते. पण लोहचुंबकाची ओढ आपल्या अंगणांतल्या काळ्या दगडालाहि थोडीबहुत असते, कारण त्यांतहि चुंबकधर्मी लोहखनिजाचे कण असतात. आणखी एका दगडावर नेच्याच्या पानाचें हुबेहूब चित्र होतें. तें पान नव्हे; दगडाच्या भेगेंतून झिरपलेल्या पाण्यानें मागें ठेवलेलें मँगॅनीजचें नक्षीकाम होय. त्यापुढें काकांनीं नुसतें 'सुंदर' एवढेंच लिहिलें होतें.

राहिले दोन. दोहोंवर चाकू चालला नाहीं. दोघांनींहि कांच कोरली. एकांत लांबीला सरळ, बारीक, दाट तंतू होते, आणि तुटलेल्या तोंडावर फिकट वर्तुळें. छिद्रें मात्र दहापट भिंगांतूनहि दिसेनात, केवळ जाळीदार कापडासारखी एकसारखी वीण. दुसऱ्यांत वर्तुळें मुळींच नव्हतीं. त्याच्या तोंडावर खसखशीएवढे असंख्य काळसर ठिपके विखुरलेले, आणि तेच ठिपके बाजूनें पाहतां दोऱ्यांसारखे उभे गेलेले. कोंकणांतील वाचकांनीं माडाचा ओंडका कापलेला पाहिला असेल, त्यांना निराळें सांगावयास नको. ताड, माड, शिंदी या झाडांच्या खोडांत वर्षाचीं वर्तुळें पडत नाहींत. रस वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे सर्व खोडभर विखुरलेले असतात.

दोन्ही खरे होते. काकूंना तसें सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत; उठून देवघरांत गेल्या व थोड्या वेळानें परत आल्या. मग म्हणाल्या, "आतां कोणता कुठला, तें सांग."

प्रश्न साधा दिसतो, पण दगडाचा निम्मा अर्थ त्यांतच असतो. आपल्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें असें आम्हांस वाटतें. काकूंच्या पंचायतनांत शाळिग्राम आहे तो गंडकीचा, बाण नर्मदेचा, तांबडा गणपति शोण नदीचा. दगड कोणता हें विचारतां नदीचें नांव प्रथम येतें. त्यांतील शाळिग्राम तर स्वतःच जीवाश्म आहे. समुद्रांतील शंखधारी प्राण्याच्या कवचाचा वळसा त्यांत राहिलेला असतो, आणि हिमालयाच्या जागीं एके काळीं समुद्र होता याची साक्ष आपल्या देवघरांत तबकांत असते. ती साक्ष पटते कशामुळें ? तो गंडकीचा आहे हें ठाऊक असतें म्हणून. तोच वाटेवर पडलेला मिळता, तर एक काळा गोटा.

आमच्या सुदैवानें येथें दगडांनींच साक्ष दिली. सिरोंच्याच्या बाजूस लाव्ह्याचा पाषाण नाहीं. तेथील लांकडें सांपडतात ते थर फार जुने, ज्युरासिक काळाचे, म्हणजे १४ कोटी वर्षांहून अधिक पूर्वींचे. त्या काळीं ताडमाडांचा या पृथ्वीवर जन्मच झाला नव्हता. अरण्यें होतीं तीं देवदाराच्या वर्गांतील सूचिपर्णी झाडांचीं व त्यांच्या समकालीनांचीं, आणि अशा झाडांच्या लांकडांत सागवानासारखीं छिद्रें नसतात. छिंदवाड्याकडील गोष्ट निराळी. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे पूर येत होते, आणि दोन पुरांच्या मधल्या काळांत तळीं सांचत, झाडें वाढत. पुढचा पूर आला कीं सगळें त्याखालीं. अशा मधल्या थरांतील फळें व पानें नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या पाद्र्यांनीं गोळा केलीं व १८५५ सालीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. मोहगांव कलान हें अशाच थरांचें प्रसिद्ध स्थळ असून तेथें ताडाच्या कुळांतील खोडें मिळालेलीं आहेत. तेव्हां ठिपक्यांचा दगड मोहगांवचा, नववा. आणि वर्तुळांचा सिरोंच्याचा, चौथा. उलट होणें शक्यच नव्हतें.

पुढें एका महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दोन्ही दगड दाखविले. त्यांनीं आमचें अनुमान मान्य केलें, पण नववा दगड ताडाचाच कीं त्याच्या जवळच्या दुसऱ्या एकदल वनस्पतीचा, हें कापल्याविना सांगणार नाहीं असें ते म्हणाले. दगडाची चकती कापून ती सुमारें ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात, म्हणजे तिच्यांतून उजेड पार जातो व सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी मोजतां येतात. बिरबल साहनी यांनीं दख्खनच्या अशाच अवशेषांवर काम करून या लाव्ह्याच्या वयाचा वाद १९३४ सालीं विद्वानांपुढें मांडला होता. लखनौस त्यांनीं १९४६ सालीं स्थापिलेली संस्था आज त्यांच्याच नांवानें चालते.

कापणें हा शब्द ऐकून घरांत दोन तट पडले. पुतण्याचें मत पडलें कीं अखंड दगडालाच मोल असतें. आमच्या सौभाग्यवतींना काकांच्या हातचा दगड करवतीखालीं जावा हें रुचेना. येथें एक खुलासा केला पाहिजे. काकांनीं हे दगड उचलले तेव्हांची गोष्ट सोडा. आज सिरोंचा तालुक्यांत वडधम येथें जीवाश्मांचें उद्यान आहे, दिंडोरी जिल्ह्यांत घुघुवा येथें १९८३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, जैसलमेरजवळ आकल व तामिळनाडूंत तिरुवक्करै येथेंहि दगड झालेलीं खोडें जागच्या जागीं राखलीं आहेत. अशा ठिकाणाहून एक चीपहि उचलावयाची नाहीं. दुसरीकडे कोठें कांहीं आढळलें, तर जागेवरच पडूं देऊन त्याचें छायाचित्र घ्यावें, गांव, ओढा, खालचा थर कसा आहे तें लिहावें, आणि जवळच्या महाविद्यालयांतील भूशास्त्राच्या अध्यापकांस कळवावें.

काकूंनीं दोन्ही तटांचें ऐकून घेतलें. "किती जाईल ?" त्यांनीं विचारलें. एका टोंकाकडचा बोटभर तुकडा, असें प्राध्यापकांनीं सांगितलें होतें. "मग जाऊं दे. ह्यांनाहि तें जाणून घ्यावयाचेंच असेल. पण आधीं आंकडे घाला."

पांढरा रंग आणि शाई आणविली. ९ हा आंकडा काकूंनीं स्वतः लिहिला. हात थोडा कांपला, पण वाचतां येतो. मग ब्रश आमच्यापुढें करून म्हणाल्या, "४ तूं घाल."

आतांपर्यंत नऊ दगडांची नोंदींशीं जुळणी झाली आहे. दोन नोंदी अजून दगडांवांचून आहेत व दोन दगड नोंदींवांचून. त्यांतला एक आजीच्या सुंठीचा.