सहल सगळ्यांची, मग सुट्टी कुणाची?



लेक नाहीतर मुलगा-सून परदेशी असलेल्या तुमच्यापैकी पुष्कळजणी निदान एकदा तरी महिना-दोन महिने तिकडे राहून आल्या असतील. परत आलं, की तिथली घरं, दुकानं, गुळगुळीत रस्ते यांचं वर्णन आपण शेजारणींना तासन्‌तास ऐकवतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. तिथं वरकामाला बाई नसते, हाताशी जाऊ-नणंद नसते, आणि सुट्टीचे दोन दिवस आले, की घरच्या बाईचं काम उलट वाढतं. आज त्याविषयी लिहिते आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं मस्कतला मुलाकडे गेलो होतो. ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. पूर्वी ती गुरुवार-शुक्रवार असे, २०१३ सालापासून बदलली. सूनबाई नोकरी करते, नात नऊ वर्षांची, नातू पाचाचा. आम्हाला निझवा दाखवायचं मुलाच्या मनात होतं. निझवा म्हणजे ओमानची जुनी राजधानी. मस्कतहून दीडशेवर किलोमीटर, मोटारीनं पावणेदोन-दोन तासांचा रस्ता. सकाळी लवकर निघायचं आणि संध्याकाळी घरी परत, असा बेत ठरला.

गुरुवारी सूनबाई संध्याकाळी कचेरीतून आली, ती तडक स्वयंपाकघरात शिरली. तिखटामिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, मुलांसाठी गोड दशम्या, आणि ह्यांच्यासाठी दहीभात. मी पुऱ्या लाटून दिल्या, पण तळण तिनंच केलं. ओटा आवरून झोपायला अकरा वाजले. पहाटे साडेचारला पुन्हा स्वयंपाकघरातला दिवा लागला. थर्मासात चहा, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कपडे, ह्यांच्या गोळ्या. गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत बिचारीचा डोळा लागला. दोन्ही बाजूंनी ते उघडेबोडके, तांबूस-करडे डोंगर आम्ही हौसेनं पाहत होतो, आणि ती मान टाकून झोपली होती.

निझव्याला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. मंडळी गोल करून बसतात, मधून विकणारे दोरी धरून आपापली बकरी फिरवतात, आणि चालता चालताच भाव पुकारला जातो. आपल्या आठवडी बाजाराची आठवण झाली. मुलं तर हरखून गेली. तिथून जवळच किल्ला. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ यांनी तो बांधवला, आणि बांधायला बारा वर्षं लागली असं सांगतात. त्याचा प्रचंड गोल बुरूज सुमारे तीस मीटर उंच आहे. वर जाणारा जिना वळणावळणाचा, मध्ये दारं, आणि दारांवर छतात भोकं. शत्रू आत शिरला, तर त्या भोकांतून उकळता खजुराचा पाक त्याच्या डोक्यावर ओतायचा! स्वयंपाकघरातली वस्तू लढाईच्या कामी येते, हे ऐकून मला मोठी गंमत वाटली.

आम्ही आत निघालो तशी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही सगळे जाऊन या. मी सामानापाशी थांबते. गाडीत उन्हानं दहीभात आंबेल."

मी "बरं" म्हटलं. खरं सांगते, मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आपणही आयुष्यभर असंच कुठं कुठं सामानापाशी थांबत आलो, नाही का? पण जिना चढताना नात सहज बोलून गेली, "आजी, आपण इथं तिसऱ्यांदा आलो. आईनं बुरूज अजून पाहिलाच नाही. ती दरवेळी खालीच थांबते."

मी पायरीवरच थबकले. मस्कतला उतरलो त्याच दिवशी मी म्हणाले होते, "आमच्या ह्यांना बाहेरचं मुळीच सोसत नाही हं!" बोलून मी विसरूनही गेले. सूनबाई विसरली नव्हती. रात्रीचं ते तळण, पहाटेचं उठणं, आणि आता दहीभाताची राखण, सगळं माझ्या त्या एका वाक्यापायी. आधीच्या दोन खेपांना आम्ही नव्हतो हे खरं, पण तेव्हा दुसऱ्या कुणासाठी असेल.

मी खाली आले आणि म्हटलं, "बाळ, तू जा वर. डब्यांपाशी मी बसते."

"नको आई, तुम्ही मुद्दाम एवढ्या लांबून आलात."

"मी तुझ्यानंतर जाईन. बुरूज काही पळून जात नाही. साडेतीनशे वर्षं उभा आहे तो."

ती गेली. तासाभरानं खाली आली, तेव्हा मुलांच्या बरोबरीनं तीही त्या भोकांविषयी बोलत होती, आणि मला हाताला धरून तिनंच वर नेलं. डबे तेवढा वेळ मुलानं सांभाळले.

दुपारी आम्ही फलज दारिसच्या काठी जेवायला बसलो. फलज म्हणजे जमिनीखालचं नाहीतर झऱ्याचं पाणी नुसत्या उतारानं गावापर्यंत आणणारा पाट. ओमानमध्ये आजही असे सुमारे ३,००० पाट वापरात आहेत, आणि त्यांतल्या पाचांना युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दारिस त्यांतलाच एक. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीला आणि धुण्याला, आणि त्यानंतर खजुराच्या बागांना. बागेचा वाटा वेळेवर मोजायचा. दिवसा सावलीच्या घड्याळावर, रात्री ताऱ्यांवर. फलज या शब्दाचं मूळच मुळी वाटे करणं असं आहे. आपल्या धुळे-नाशिककडच्या फडपद्धतीतही पाटाच्या पाण्याची पाळी अशीच ठरलेली असते.

मुलगा हे सांगत होता, आणि मी पाण्यात पाय सोडून ऐकत होते. मी त्याला म्हटलं, "अरे, पाण्याचे वाटे तुला एवढे पाठ आहेत, मग घरातल्या कामाचे का नाहीत?" तो हसला. मग गप्प झाला. पुऱ्या मात्र त्यानं स्वतः सगळ्यांना वाढल्या.

पुढं तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. त्या वेळी ठरवून जे बदल केले, ते तुमच्या लेकी-सुनांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

घरून एकच कोरडा पदार्थ न्यायचा. दशम्या नाहीतर मेथीचे ठेपले, दोन दिवस टिकतात. बाकी तिथंच घ्यायचं. खुबूस म्हणजे तिकडची रोटी, लबन म्हणजे चक्क आपलं ताक, शिवाय खजूर आणि केळी. ह्यांना ताक आणि खुबूस इतकं मानवलं, की दहीभाताची आठवणही निघाली नाही!

सामानाची यादी बुधवारीच करून फ्रिजवर लावायची, आणि प्रत्येक नावापुढं एकेक काम लिहायचं. नऊ वर्षांची मुलगी स्वतःची आणि भावाची पिशवी भरू शकते. गाडी, पाणी आणि औषधं पुरुषांकडे. पाणी लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्यावं, हिवाळ्यातसुद्धा.

शुक्रवारी पहाटेच निघावं. दुपारच्या नमाजाच्या वेळी बाजार बंद होतो, मग पोरांना घेऊन उन्हात ताटकळावं लागतं. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असावेत, जवळ एखादी ओढणी ठेवावी.

आणि एक जपण्याची गोष्ट. तिथल्या कोरड्या नद्यांना वादी म्हणतात. डोंगरात कुठं लांब पाऊस पडला, तरी खाली स्वच्छ ऊन असताना लोंढा येतो. आभाळ भरलेलं असेल तर वादीत उतरू नये, आणि पाणी वाहत असेल तर गाडी मुळीच घालू नये. तिथं तो गुन्हाच आहे.

शेवटचं म्हणजे परत आल्यावरचं काम. आपण ते कधी धरतच नाही. डबे घासायचे, कपडे भिजवायचे, आणि वर रात्रीचा स्वयंपाक. त्या दिवशी खिचडी मुलानं टाकली. खालून करपली. ह्यांनी तोंड वाकडं केलं. मी एका नजरेनं त्यांना गप्प केलं, आणि सगळ्यांनी वरची वरची खाल्ली.

एका सहलीनं घर बदलत नाही, हे मलाही कळतं. सूनबाई अजूनही प्रत्येक गोष्टीला "आई, चालेल ना?" विचारते. ती सवय जायला वेळ लागेल, आणि ती लावणाऱ्यांत मीही आहे. पण निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आपण सूरला जाऊ आई, समुद्रकाठी. मी अजून पाहिलं नाही." स्वतःला काय पाहायचं आहे, ते तिनं पहिल्यांदाच सांगितलं.

तुम्ही मस्कतला जा नाहीतर गणपतीपुळ्याला, पुढच्या सहलीला एवढं जरूर पाहा, की आपल्यात सामानापाशी कोण थांबतं आहे. आणि तिला आधी वर पाठवा.