मुलींचे हात आणि चार मिलिमीटर

‘मुलींच्या हातात मुळात जोरच नसतो, मॅडम.’ गेल्या रविवारी एका जिल्हास्तरीय पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत एका प्रशिक्षकांनी हे मला सहज ऐकवलं आणि तेव्हापासून माझा संताप काही केल्या शमलेला नाही. त्यांची शिष्या नुकतीच डेडलिफ्टचा तिसरा प्रयत्न घालवून खाली उतरली होती. मी समोरच बसले होते. बार जमिनीवरून झपकन सुटला, गुडघ्यांच्या वर आला, पाठ सरळ होती, कंबर पुढे येत होती. तेवढ्यात उजव्या हाताची करंगळी उघडली, तिच्यामागून अनामिका, आणि बार बोटांच्या टोकांवरून घरंगळत खाली गेला. तीन लाल दिवे. ज्या वेगाने तो बार वर आला होता, त्यावरून पाय आणि पाठ यांच्यात अजून ताकद शिल्लक होती हे कुणालाही दिसलं असतं. हात तेवढा शिकवायचा राहून गेला होता.

आज बोलायचं ते त्या ‘मुळात’ या शब्दामागच्या समजुतीबद्दल.

वेटलिफ्टर मीराबाई चानू आठवा. उंची पाच फुटांच्याही आतली, २०२१ मधला वजनगट ४९ किलो. त्या वर्षी एप्रिलमध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलो उचलले. तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने रौप्यपदक आणलं. लहान चणीची, लहान हातांची मुलगी स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक वजन जमिनीवरून खांद्यावर घेते आणि तिथून डोक्यावर नेते. मग हातातल्या जोराचं काय झालं?

झालं ते असं, की मीराबाईच्या हातातला बार आणि आमच्या जिल्ह्यातल्या मुलीच्या हातातला बार एक नव्हेच. वेटलिफ्टिंगमध्ये महिलांचा बार वेगळा असतो: वजन १५ किलो, जाडी २५ मिलिमीटर. पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटरचा. स्त्रियांचा हात लहान असतो हे तिथे नियमातच धरलेलं आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र पुरुष आणि महिला दोघांनाही तोच २० किलोचा बार, जाडी २८ ते २९ मिलिमीटर. म्हणजे तीन-चार मिलिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण बोटं बारभोवती फिरतात, तेव्हा हिशेब परिघाचा करायचा. चार मिलिमीटर जाडी वाढली, की परीघ साडेबारा मिलिमीटरने वाढतो. ज्या मुलीची बोटं २५च्या बारवर अंगठ्याला पूर्ण झाकतात, तिची बोटं २९च्या बारवर अंगठ्याच्या नखापर्यंत जेमतेम पोचतात. त्यातून डेडलिफ्टचं वजन क्लीनपेक्षा जास्त आणि चाल संथ. बोटांना जास्त भार जास्त वेळ सांभाळावा लागतो. म्हणजे पकडीच्या शिक्षणाची जास्त गरज पॉवरलिफ्टिंगच्या मुलींना, आणि आपल्याकडे ते सगळ्यात कमी मिळतं तेही त्यांनाच!

दुसरा फरक अंगठ्याचा. वेटलिफ्टिंगच्या वर्गात सुरुवातीलाच हुक ग्रिप शिकवतात. अंगठा बारला चिकटवून आडवा ठेवायचा आणि तर्जनी व मधलं बोट त्याच्यावरून घेऊन त्याला दाबून धरायचं. दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून नुसता धरलेला बार नेहमी बोटांच्या टोकांकडे घरंगळायला बघतो. हुकमध्ये अंगठाच त्याची वाट अडवतो. पहिले काही आठवडे अंगठा ठणकतो, नखाखाली दुखतं. मग सवय होते. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत अंगठ्यावर चिकटपट्टीचे दोन थर चालतात, तेवढ्याने सोसणं बरंच सोपं होतं. ज्यांचा अंगठा खरोखरच आखूड आहे, त्यांच्यासाठी मिश्र पकड आहे: एक तळवा स्वतःकडे, दुसरा समोर. बारला एका हातातून ज्या दिशेने निसटायचं असतं, ती दिशा दुसरा हात बंद करतो. फक्त समोर तळवा असलेल्या हाताचं कोपर पूर्ण सरळ हवं. ते वाकवून ओढलं, तर दंडाचा स्नायू कोपरापाशी फाटू शकतो. हे सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रविवारच्या त्या मुलीला मी नंतर विचारलं, तर हुक ग्रिप हे नावच तिने ऐकलेलं नव्हतं.

तिने सराव केला होता तो स्ट्रॅप लावून. पहिल्या वॉर्मअप सेटपासून. मनगटाला पट्टा, पट्ट्याचा बारला वेढा, की बोटांचं काम संपलं. पाय महिन्यामहिन्याला मजबूत होत गेले, बोटं होती तिथेच राहिली आणि स्पर्धेत स्ट्रॅपला मनाई. हे खूळ आलं कुठून तेही मला ठाऊक आहे. एडी हॉलने २०१६ साली लीड्समध्ये डेडलिफ्टला ५०० किलो उचलले, आइसलँडच्या हाफ्थोर ब्योर्नसनने २०२० मध्ये ५०१. दोघांच्याही मनगटांवर स्ट्रॅप होते, कारण स्ट्राँगमनच्या खेळात ते चालतात. मुलं फोनवर ते बघतात आणि तसंच करतात. पण त्याच आइसलँडच्या बेनेडिक्ट मॅग्नुसनने २०११ मध्ये ४६० किलो स्ट्रॅपशिवाय उचलले होते. आपल्या मुलामुलींना ज्या नियमांनी खेळायचं आहे, ते मॅग्नुसनच्या उचलीचे नियम आहेत. ती उचल त्यांना दाखवा.

स्ट्रॅप फेकून द्या असं मी म्हणत नाही. वेटलिफ्टरसुद्धा सरावात स्नॅच पुलला ते वापरतात. बोटं दमल्यावर रोइंगला, रोमानियन डेडलिफ्टच्या शेवटच्या सेटना खुशाल लावा. पण डेडलिफ्टचा प्रत्येक वॉर्मअप सेट उघड्या हातांनी, दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून, पकड सुटायला लागेल त्या वजनापर्यंत करायचा. त्याच्या पुढे हुक किंवा मिश्र. शेवटच्या सेटचा शेवटचा रेप वर लॉक करून दहा-पंधरा सेकंद तसाच धरून उभं राहायचं. आठवड्यातून दोनदा पुलअपच्या दांडीला लोंबकळायचं, जड डंबेल घेऊन चालायचं, कधी बारला टॉवेल गुंडाळून तो जाड करून धरायचा. रोज नको. स्नायू लवकर तयार होतो, कंडरांना वेळ लागतो. आणि ते स्प्रिंगचं हँडग्रिपर, जे प्रत्येकाच्या बॅगेत असतं, त्यावर फार विसंबू नका. ते मूठ मिटायला शिकवतं. बार मागतो ती मिटलेली मूठ उघडू न देण्याची ताकद. ही दोन वेगळी कामं आहेत.

बार तळव्याच्या मध्यावर धरू नका. तो ओढताना खाली सरकतो, कातडी चिमटते आणि घट्टा फाटतो. बोटांच्या मुळाशी, जिथे घट्टे पडतात त्याच रेषेवर तो बसवा. आंघोळीनंतर घट्ट्यांवरून वज्री फिरवा, म्हणजे कडा उभ्या राहणार नाहीत. रविवारी आणखी एक गोष्ट दिसली. मुली मांड्यांना टाल्कम पावडर स्वतःच्या हातांनी चोळत होत्या आणि त्याच हातांवर वरून चॉक लावत होत्या. टाल्कमने बार निसरडा होतो. पावडर दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या, नाहीतर हात धुऊन, पुसून, मग चॉक लावा.

पकड लहानपणीच तयार व्हावी म्हणून माझा एक जुना आग्रह आहे: दोरी. प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक जिममध्ये छताला एक जाड दोर टांगलेला असावा. दोरीचा मल्लखांब महाराष्ट्रात परंपरेने मुलींचा खेळ आहे. दादरला शिवाजी पार्कवर श्री समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी जाऊन पाहा, मुली दोरीवर स्वतःचा सगळा भार हातापायांच्या पकडीवर तोलून आसनं करतात. लहानपणी दोन वर्षं दोरीवर काढलेल्या मुलीच्या हातून बार सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या राज्यात हे दृश्य रोज दिसतं, त्या राज्यातला प्रशिक्षक मुलींच्या हातात जोर नसतो म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ती मुलगी त्याच्या शेजारीच उभी होती आणि तिने ते ऐकलं.

प्रशिक्षकांनो, पुढच्या निवड चाचणीला अजून वेळ आहे. उद्यापासून तुमच्या मुलींचे स्ट्रॅप वॉर्मअपपुरते काढून ठेवा आणि त्यांना अंगठा कुठे ठेवायचा ते शिकवा. जिमचालकांनो, पांढरी धूळ नको म्हणून चॉकवर बंदी घातली असेल, तर लिक्विड चॉकला तरी परवानगी द्या. एक बाटली बरेच दिवस पुरते आणि फरशीवर काही सांडत नाही.