नियम वाचण्याची विद्या

वर्तमानपत्रातील आकड्यांचे कोडे सोडविणाऱ्याचे आपण कौतुक करतो. पण हा रिकामपणाचा उद्योग आहे, ही समजूतही मनातून जात नाही. सुडोकूची नवी रूपे पाहिली, तर ती तपासून घ्यावी लागेल.

अमेरिकेत १९७९ साली छापले गेलेले हे कोडे १९८४ मध्ये जपानच्या 'निकोली'ने आपलेसे केले आणि २००४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधून ते जगभर पोहोचले. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि नऊ घरांच्या चौकटीत १ ते ९ हे आकडे एकेकदाच यावेत, एवढाच त्याचा नियम. आता रचनाकार त्याला कथेची जोड देऊ लागले आहेत. 'रॅट रन' या मालिकेत फिंक्झ नावाच्या उंदराला चक्रव्यूहातून केकपर्यंत न्यायचे असते. वाट सांगितलेली नसते. तिच्यावरील आकड्यांना मात्र अट असते. वाट कळल्याखेरीज आकडे मिळत नाहीत आणि आकड्यांखेरीज वाट सापडत नाही. प्रथम वाचताना हा नियम दुर्बोध वाटतो आणि पुष्कळजण तेथेच कोडे खाली ठेवतात.

पण थोडे थांबावे. समजा, वाटेवरील लगतच्या दोन आकड्यांत किमान ५ चे अंतर हवे, अशी अट आहे. मग ५ हा आकडा वाटेवर येऊच शकत नाही. कारण त्याच्या शेजारी ० किंवा १० लागेल. प्रत्येक ओळीत ५ तर हवाच. म्हणजे कोणतीही ओळ उंदराला सबंध पार करता येणार नाही. ४ च्या शेजारी फक्त ९ चालेल. एकही आकडा न भरता केवळ नियमाच्या वाचनातून एवढे हाती लागते. उलट, अंदाजाने भरलेला आकडा वीस घरे पुढे गेल्यावर दगा देतो आणि सारेच खोडावे लागते.

ही विद्या आपल्याकडे कितपत शिकविली जाते? शाळेत बहुपर्यायी प्रश्नाचे योग्य वर्तुळ रंगविले की गुण मिळतात. ते का रंगविले, हे कोणी विचारीत नाही. कचेरीत नवे परिपत्रक आले की मूळ मजकुराऐवजी 'मागच्या वेळी काय केले होते' याचा शोध सुरू होतो. त्याची किंमत खिडकीपलीकडे उभा असलेला अर्जदार मोजतो.

कोडी सोडविल्याने कोणी बुद्धिमान होतो, असा दावा करण्याचे कारण नाही. हा सुखवस्तूंचा विरंगुळा आहे, हा आक्षेपही सर्वस्वी खोटा नाही. परंतु त्यासाठी कागद, पेन्सिल आणि वेळ याखेरीज काही लागत नाही. शिक्षकांनी आठवड्यातून एक तास असे एखादे कोडे फळ्यावर मांडावे. त्याला गुण नसावेत, घाई नसावी. अट एकच, जो आकडा सांगेल त्याने कारणही सांगावे. उत्तर चुकले तरी चालेल, कारणाशिवाय आलेले उत्तर मात्र स्वीकारू नये. या सवयीचे एखादे मूल उद्या कचेरीत बसले, तर हाती आलेला कागद ते निदान शेवटपर्यंत वाचील.