आजी-आजोबांचाही एक वर्ग हवा

माझ्या सासूबाई सात वर्षांपूर्वी साताऱ्याहून आमच्याकडे वासण्याला राहायला आल्या. तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. "आता या वयात गुजराती कशाला शिकता? हिंदीवर भागते, शिवाय आम्ही आहोतच," असे आम्हीच त्यांना सांगितले.

गेल्या वर्षी शेजारच्या बेनचे यजमान वारले. बेसण्याला आई माझ्याबरोबर आल्या. त्या स्वतः या दुःखातून गेलेल्या. धीराचे चार शब्द त्यांच्याइतके कोणाजवळ असणार? पण त्या गप्प बसून राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "अगं, मला तिच्याशी काहीच बोलता आले नाही." आपण काळजीपोटी त्यांना मुके करून ठेवले, हे त्या दिवशी आम्हाला कळले.

गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसे या मुलखात आली. जुन्या घरांत दोन्ही भाषा सहज बोलल्या जातात, म्हणून गुजराती आपोआप येते असे आपण धरून चालतो. पण नोकरीसाठी इथे आलेल्या मुलांपाठोपाठ उतारवयात येणाऱ्या आईवडिलांना वडोदरा हा परमुलूखच वाटतो.

सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना अक्षरओळखही नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सारे ते इथे शिकले. कोणी म्हणेल, ते लहान होते. मग साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर पाहा. मातृभाषा मराठी, पण गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले आणि १९६५ साली त्यांना गुजराती लेखनासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

साठीनंतर पाठांतर मंदावते, चुकण्याची लाजही वाटते, हे खरे. पण आपल्याला ग्रंथ लिहायचे नाहीत. शिवाय मराठी माणसाचे अर्धे काम आधीच झालेले असते. अक्षरांवरची रेघ काढली की ग, म, न, प ओळखू येतात. अ, इ, ख, ज, भ अशी काही अक्षरे नव्याने गिरवावी लागतात. काही शब्द फसवतात. गुजरातीत 'दादा' म्हणजे आजोबा आणि 'केळवणी' म्हणजे शिक्षण! पण अशा गमती चटकन लक्षात राहतात.

२०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली आहे. म्हणजे पुस्तक घरात आहेच. आमच्याकडे दुसरीतला नातू आजीचा मास्तर झाला आहे आणि तिच्या चुका मोठ्या तोऱ्यात काढतो. आई आता सोसायटीच्या फळ्यावरची सूचना स्वतः वाचतात.

म्हणून शाळेला माझी सूचना अशी. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास आजी-आजोबांसाठी ठेवावा. निवृत्त शिक्षकांनी तो घ्यावा. परीक्षा नको. सुरुवात बाराखडीने न करता रिक्षा, डॉक्टर, भाजीवाला आणि शेजारी यांच्याशी बोलण्यापासून करावी. मुलांकडे परदेशी जाऊन राहणाऱ्यांनाही इथली ही सवय उपयोगी पडेल.

आणि घरातल्यांना विनंती, "या वयात कशाला?" हे वाक्य आपण आता बंद करू या. परवा आई एकट्याच शेजारच्या बेनकडे गेल्या आणि तासभर बसून आल्या. व्याकरण चुकलेच असेल. पण बेनने त्यांना पुन्हा बोलावले आहे.