कला शाखेतील कला

'कला शाखा' हा आपल्या विद्यापीठीय व्यवहारातील सर्वांत फसवा शब्दप्रयोग असावा. या शाखेत भाषा आहेत, इतिहास आहे, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र आहे. कला तेवढी नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात 'मुलगी आर्ट्सला आहे' असे कोणी सांगितले तर ती बी.ए. करते आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. ती चित्र काढायला किंवा मूर्ती घडवायला शिकत असेल, अशी शंकादेखील ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही.

आम्ही मराठीचे अध्यापक. दृश्यकलेच्या शिक्षणाविषयी आम्ही बोलण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. 'हे शिकून पुढे काय करणार?' हा प्रश्न चित्रकलेच्या विद्यार्थ्याला ज्या सुरात विचारला जातो त्याच सुरात तो मराठीच्या विद्यार्थ्यालाही विचारला जातो. मात्र मराठीचा विद्यार्थी हा प्रश्न ऐकत ऐकत तालुक्याच्या ठिकाणी पदवी तरी मिळवतो. चित्रकलेची शासकीय पदवी हवी असणाऱ्याला उत्तर शोधण्याआधीच जिल्हा सोडावा लागतो. ज्यांना तो सोडता येत नाही त्यांतले काही आमच्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्या वह्यांची शेवटची पाने आम्ही पाहिली आहेत.

दृश्यकलेच्या पदवीवर पोट भरत नाही, हे विधान सरसकट खरे नाही. ते आपोआप भरते, हेही खरे नाही. या दोन टोकांमध्ये विद्यार्थी कोठे पोहोचणार हे त्याच्या हातातील कसबाइतकेच तो कोणत्या जिल्ह्यात जन्मला यावरही ठरते. आमची तक्रार या शेवटच्या गोष्टीविषयी आहे.

प्रथम वाट कशी आहे ते पाहू. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना कलेची ओळख होते ती शासकीय रेखाकला परीक्षांतून, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमधून. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची ही परीक्षा खेड्यापाड्यांतील मुलेही हौसेने देतात. या परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीच्या निकालात काही वाढीव गुण मिळू लागले आणि पालकांचाही उत्साह वाढला. पण हे गुण दहावीच्या टक्केवारीत विरघळून जातात. 'अ' श्रेणी मिळालेल्या मुलाला त्या श्रेणीच्या बळावर पुढे कोठे जाता येईल हे सांगणारे गावात कोणी नसते. ज्या परीक्षेने हाताची ओळख पटवायची तीच परीक्षा विज्ञान शाखेच्या प्रवेशाची शिडी होऊन बसते.

शासनाची स्वतःची कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीन शहरांत आहेत. चार वर्षांच्या बी.एफ.ए. पदवीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शिकवणीशुल्क एक वेळ परवडेल. पण शहरातील खोली, मेस, कागद, रंग, कॅनव्हास, आणि उपयोजित कला घेतली तर संगणक, हा खर्च कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला चार वर्षे पेलायचा असतो. धाराशिव हा नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या, महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी एक आहे. अशा जिल्ह्यातील बाप 'पुढे काय?' असे विचारतो तेव्हा त्याला अरसिक म्हणणे हा उद्धटपणा होईल. त्याचा प्रश्न हिशेबाचा आहे, आणि त्याचे उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे.

आजवर या प्रश्नाला आपल्याकडे एकच ठाम उत्तर होते: चित्रकला शिक्षक. दहावी-बारावीनंतर ए.टी.डी. ही कला शिक्षक पदविका करायची आणि माध्यमिक शाळेत चिकटायचे. पिढ्यान्‌पिढ्या हीच वाट होती. ती आता अरुंद झाली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाचा निदेशक सांगितला आहे. पण तो अंशकालीन, आणि तोही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. शंभर मुलांचा पट नसलेल्या गावात कलेचा निदेशक कायद्यानेच अपेक्षित नाही, आणि जेथे तो आहे तेथेही अर्ध्या पोटी आहे. म्हणजे लहान गावातील मुलाला कला शिकवणारा नाही आणि कला शिकलेल्या तरुणाला लहान गावात काम नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आता दुसरी बाजू. कला शिकलेली माणसे प्रत्यक्षात जगली कशी, हे पाहण्यासाठी मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला फार दूर जावे लागत नाही. प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' हे १९९० चे पुस्तक आमच्यापैकी अनेकांनी वाचले आहे. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या बरव्यांनी अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. म्हणजे कापडाच्या नक्षीने घर चालवले आणि उरलेल्या वेळात आधुनिक भारतीय चित्रकलेत आपली जागा निर्माण केली. द. ग. गोडसे यांना आपण 'पोत'चे लेखक म्हणून शिकवतो. पण ते चित्रकार होते, नेपथ्यकार होते, आणि त्यांचे लेखन त्या हातांच्या अनुभवातून आले आहे. र. कृ. जोशी कवी होते, जाहिरात क्षेत्रात त्यांनी काम केले, आय.आय.टी. मुंबईत शिकवले; आणि विंडोज संगणकावर वर्षानुवर्षे आपण ज्या 'मंगल' अक्षरांतून मराठी वाचली-लिहिली ती अक्षरे त्यांनी रेखाटलेली आहेत. आजही मुंबईतील 'एक टाइप'सारख्या संस्थेत देवनागरीची नवी अक्षरवळणे घडवली जातात. इंटरमिजिएटच्या अक्षरलेखनाच्या पेपरापासून या कामापर्यंत एक सरळ वाट आहे. ती मुलांना कोणी दाखवलेली नाही एवढेच.

या तीन नावांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणीही केवळ चित्र विकून जगण्याचा हट्ट धरला नाही. वस्त्र, रंगभूमी, जाहिरात, मुद्रण आणि अध्यापन अशा समाजाच्या रोजच्या गरजांना त्यांनी आपले कसब जोडले. म्हणून 'कलेत करिअर' असे म्हणताना वर्तमानपत्रांतील लिलावांच्या बातम्या आम्हांला घातक वाटतात. वासुदेव गायतोंडे यांचे एक चित्र २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. तोवर गायतोंड्यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. बाजारात चित्रांचे काय होते, इतकेच या आकड्यावरून कळते. चित्रकाराच्या उपजीविकेविषयी तो काही सांगत नाही. मुलांना लिलावाचे स्वप्न दाखवणे आणि 'कलेने भिकेला लागशील' असे बजावणे, ही दोन्ही एकाच अज्ञानाची रूपे आहेत.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. संगणकाने आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र काढण्याचे कामच हिरावून घेतले असताना मुलांना या वाटेला लावावे काय? आमच्या जिल्ह्याने याची एक आवृत्ती आधीच पाहिली आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, निवडणुकीच्या भिंती रंगवणारे पेंटर आमच्या प्रत्येक तालुक्यात होते. फ्लेक्स आला आणि काही वर्षांत त्यांचे ब्रश वाळले. पण त्या वेळी काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. यंत्राने पेंटरचा हात बाजूला सारला, आणि अक्षरांची, रंगसंगतीची, मोकळ्या जागेची त्याची जाण फ्लेक्सच्या दुकानात आणण्याची सोय कोणी केली नाही. परिणाम आपल्या प्रत्येक चौकात लटकलेला आहे. उस्ताद गेला आणि त्याच्या जागी शिकलेले कोणी आले नाही. आज मोठे यंत्र येत असताना तीच चूक समाजाने पुन्हा करायची काय? यंत्र जितके सहज चित्र काढील तितकी त्यातले बरे-वाईट ओळखणाऱ्या नजरेची गरज वाढेल, असे आम्ही मानतो. ती नजर कमवावी लागते आणि तिला वर्षे लागतात. अर्थात सर्वांनाच त्यातून काम मिळेल असे आश्वासन आम्ही देणार नाही. तसे आश्वासन बी.ए.च्या पदवीलाही कोणी दिलेले नाही.

मग या जिल्ह्यात काय करता येईल? आमच्या मते उत्तर तेर येथे पडलेले आहे. प्राचीन तगर म्हणून 'पेरिप्लस'ने नोंदवलेली ही बाजारपेठ. येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मयी मूर्ती आहेत, आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळाली. येथे विटांचे, गजपृष्ठाकार रचनेचे त्रिविक्रम मंदिर आहे. आणि हेच गोरोबाकाकांचे गाव. संत गोरा कुंभार आम्ही वर्गात शिकवतो तेव्हा चिखल, चाक आणि थापटणे यांचे बोलणे रूपक म्हणून समजावून देतो. ज्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या मूर्ती निघतात त्या गावात ते रूपकाइतकेच वास्तव आहे, हे विद्यार्थ्याला हात मातीत घातल्यावाचून कसे कळावे? शिवाय धाराशिवची लेणी आहेत, नळदुर्गचा पाणीमहाल आहे, परंड्याचा किल्ला आहे. या साऱ्याची रेखाटने, मोजमापे, छायाचित्रे, माहितीफलक, संग्रहालयातील मांडणी, वस्तूंचे जतन यांसाठी शिकलेली माणसे लागतात, आणि ती माणसे बाहेरून मागवण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपपरिसर धाराशिवला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या विद्यार्थ्याला मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि कौशल्याधारित अभ्यासक्रम घ्यायचे आहेत. आज ही जागा बहुतेक ठिकाणी हाती असलेल्या विषयांनीच भरली जाते. तेथे दृश्यकलेचा एक गौण अभ्यासक्रम का असू नये? मराठीच्या विद्यार्थ्याने अक्षररचना, ग्रंथसजावट आणि पाठ्यपुस्तकातील चित्रे यांचा अभ्यास करावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेरच्या संग्रहालयात बसून मृण्मयी मूर्ती रेखाटाव्यात. त्यासाठी प्रारंभी मोठी इमारत लागत नाही. एक कार्यशाळा, एक भट्टी, दोन पूर्णवेळ अध्यापक आणि संग्रहालयाशी करार इतके पुरे आहे. अध्यापक पूर्णवेळ हवेत यावर आमचा आग्रह आहे, कारण तासिका तत्त्वावर नजर घडत नाही. या अभ्यासक्रमातून ज्याला खरी ओढ आहे तो पुढे बी.एफ.ए.ची वाट डोळसपणे धरील, आणि ज्याला ती धरता येणार नाही त्याच्या हाती निदान काहीतरी उरेल.

जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. शब्दांसाठी या जिल्ह्याने मांडव घातला, माणसे जमली, आणि आडवळणाच्या गावातही वाङ्मयाची भूक असते हे सर्वांनी पाहिले. रेषेची भूक त्याहून कमी नाही. दरवर्षी रेखाकला परीक्षेला बसणारी मुले ते सांगत असतात. त्या मुलांचे पुढे काय होते याची नोंद ठेवण्यापासून तरी महाविद्यालयांनी सुरुवात करावी. 'कला शाखा' ही पाटी आम्ही रोज वाचतो. तिच्यातील पहिला शब्द खरा करून दाखवण्याची जबाबदारी त्या पाटीखालून आत जाणाऱ्या सर्वांची आहे.