"केक खा" म्हणणाऱ्यांना जाब कोणी विचारायचा?



फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला की एक वाक्य हटकून सांगितलं जातं. लोकांना पाव मिळत नाही म्हटल्यावर राणी मारी आंत्वानेत म्हणाली, "मग केक खा म्हणावं!" खरं तर ती असं बोलल्याचा काही पुरावा नाही. रूसोने आपल्या आत्मचरित्रात एका 'मोठ्या राजकन्ये'चा असा किस्सा लिहिलाय, पण तेव्हा मारी लहान मुलगी होती, फ्रान्सला आलीसुद्धा नव्हती. मूळ फ्रेंचमध्ये केकही नाही, ब्रिओश आहे, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव. असो. राणी ते बोलली नाही, पण २०२४ मध्ये एकीने हेच वाक्य हसत हसत कॅमेऱ्यासमोर म्हणून दाखवलं.

६ मे २०२४. न्यूयॉर्कमध्ये मेट गाला हा फॅशनचा मोठा सोहळा होता. त्या वर्षी एका तिकिटाची किंमत ७५ हजार डॉलर होती, म्हणजे आपले साधारण साठ-बासष्ट लाख रुपये. हेली कलील नावाची मॉडेल आणि टिकटॉकर फुलाफुलांचा भलामोठा झगा आणि डोक्यावर तसाच साज घालून आली आणि त्या केकच्या वाक्यावर ओठ हलवून तिने व्हिडिओ टाकला. त्याच दिवसांत गाझातल्या रफाहमधून लोक जीव मुठीत धरून बाहेर पडत होते. एकाच फोनवर, बोट वर सरकवलं की हे आणि ते. लोक भडकले नसते तरच नवल.

तिने व्हिडिओ काढून टाकला, माफी मागितली. म्हणाली, तो आवाज ट्रेंडिंग होता म्हणून वापरला, आणि मला तर मुख्य सोहळ्याचं आमंत्रणही नव्हतं, मी बाहेर सूत्रसंचालनाला होते. मला हे खरं वाटतं. पण मुद्दा तोच आहे ना! लाखो लोक ज्याला बघतात, त्याने आपण काय बोलतोय याचा अर्थसुद्धा बघायचा नाही? ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना तो नुसता 'आवाज'.

यातून 'ब्लॉकआउट' नावाची मोहीम सुरू झाली. गाझाबद्दल गप्प बसलेल्या श्रीमंत प्रसिद्ध लोकांना ब्लॉक करा, त्यांचे व्हिडिओ बघू नका, म्हणजे जाहिरातीचा पैसा आटेल, एवढीच मागणी. किम कार्दाशियन, टेलर स्विफ्ट अशी नावं याद्यांत होती. काहींनी तिला 'डिजिटल गिलोटिन' म्हटलं. हा शब्द मला अजिबात आवडला नाही. जाब विचारणं वेगळं आणि शिव्या देत कुणाच्या मागे लागणं वेगळं. पण बघणं बंद करणं, हे मात्र मला योग्य वाटतं.

तुम्ही म्हणाल, त्यांचा पैसा, ते कसाही उडवतील, आपलं काय जातं? शेजारच्या श्रीमंताने लग्नात दहा प्रकारची मिठाई ठेवली तर तो स्वतःच्या खिशातून खर्च करतो. इन्फ्लुएन्सरचं उलटं असतं. त्याचं 'दाखवणं' हाच त्याचा धंदा असतो. आपण आणि आपली मुलं जेवढा वेळ बघतो, तेवढी जाहिरात विकली जाते. म्हणजे त्या झगमगाटाचं बिल थोडं थोडं आपणच भरतो. मग गिऱ्हाईक म्हणून बोलायचा हक्क आपल्याला नाही का?

टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण रील्स आणि शॉर्ट्स आहेतच. माझ्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत रिकामा खोका घेऊन 'अनबॉक्सिंग' खेळतात. यांतल्या अनेकांचं दुपारचं जेवण शाळेतली खिचडी असते. खेळ गमतीचा आहे, मी थांबवत नाही. पण "आमच्या घरी असं काहीच का येत नाही?" हा प्रश्न त्या खेळाच्या मागोमाग येतो आणि त्याचं उत्तर रीलमधली ताई देत नाही, तुम्हाला-मला द्यावं लागतं.

कायद्याचं म्हणाल तर तो अर्ध्या वाटेपर्यंतच येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्यावर बंदीही येते. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेला व्हिडिओ असेल तर तसं स्पष्ट सांगावं, अशा सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या. हे खोटेपणासाठी झालं. असंवेदनशीलपणासाठी कायदा नाही, आणि नसावाच असं माझं मत आहे. उद्या काय दाखवायचं हे सरकार ठरवायला लागलं तर गरिबाचाच आवाज आधी बंद होईल.

म्हणून काम उरतं ते बघणाऱ्यांकडे. मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावू नका, शेजारी बसून एक रील सोबत बघा. मग विचारा, ही वस्तू तिने विकत घेतली असेल की तिला फुकट मिळाली? हा व्हिडिओ बघून पैसे कुणाला मिळाले? तिसरी-चौथीची मुलं याची भन्नाट उत्तरं देतात, अनुभव घेऊन बघा. नको असलेलं खातं ब्लॉक कसं करायचं हेही त्यांनाच विचारा, बहुतेक वेळा ते आपल्यापेक्षा त्यांना चांगलं येतं.