चित्रातील दुसरा माणूस

वैशाख लागला की एटापल्लीच्या रानात भल्या पहाटे तेंदूपाने तोडण्यास आरंभ होतो. घरातील लहानथोर मंडळी पाने खुडून आणतात आणि मग सावलीत बसून सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधतात. या पानांच्या व्यापारावर कित्येकजण धनवान झाले. परंतु पुडकी बांधणाऱ्या एखाद्या आजीबाईचे तैलचित्र दिवाणखान्यात लागल्याचे ऐकिवात नाही. चित्र निघते ते व्यापाऱ्याचे. ही रीत सर्व देशांत आढळते. हॉलंडमधील होर्न या गावी यान कून या डच व्यापाऱ्याचे रुबाबदार चित्र आहे. याच गृहस्थाने १६२१ साली जायफळाच्या लोभाने बांदा बेटांवर स्वारी केली व तीत हजारो माणसे मेली, हे त्या चित्राकडे पाहून कोणाच्या मनातही येणार नाही.

आपल्या मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांची योग्यता निराळी. लहानपणीच आईबाप गेलेला हा मुलगा रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यातून वर आला आणि पुढे चीनच्या व्यापारात कोट्यधीश झाला. त्यांच्या दानातून मुंबईत १८४५ साली रुग्णालय आणि १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. दोन्ही संस्था आजही चालू आहेत. परंतु हा पैसा आला कोठून? कापसाबरोबर माळव्याची अफूही त्यांच्या जहाजांतून चीनला जात असे, आणि चीनच्या बादशहाने तर अफूला बंदी केलेली होती. त्या व्यसनाने तिकडे असंख्य संसार धुळीस मिळाले.

म्हणून जमशेटजींचे चित्र भिंतीवरून उतरवावे काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्या रुग्णालयात गरिबांना औषध मिळाले, हे काही खोटे नाही. मात्र चित्र पाहावयाचे तर ते पुरते पाहावे. दानाचे आकडे सांगणाऱ्याने अफूच्या पेट्यांविषयी मौन पाळणे, हे विद्येच्या क्षेत्रात तरी शोभत नाही.

जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराचे मानले जाणारे त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात जमशेटजी बसलेले आहेत आणि जवळच एक चिनी मनुष्य उभा आहे. कोणी त्याला कारभारी म्हणतात, कोणी नोकर. चित्राच्या नावात जमशेटजींचे नाव आहे, त्याचे नाही.